पिकअपची उंची आणि येसराची आमटी

निवृत्तीनंतर काय करावे याविषयी मला पुष्कळांनी सल्ले दिले. त्यांत पिकअप चालवावी असे कोणी सुचवले नव्हते. आमच्या घराण्यात आधीच्यांनी पूजा सांगितल्या, नंतरच्यांनी कचेऱ्यांत टिपणे लिहिली आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवले. पाना हातात धरल्याचा पूर्वेतिहास आमच्याकडे नाही. वर्गात मी बोलत असे, कारण तेथे काय बोलायचे ते आधीच ठरलेले असे. वर्गाबाहेर माझी वाचा बसे. गल्लीत समोरून कोणी येताना दिसले की मी चपलेचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने खाली वाके आणि तो मनुष्य पुढे गेल्यावर सरळ होई.

माझी पत्नी याच्या अगदी उलट. तिचे माहेर गंगापूरकडचे, शेतीवाडीचे. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचवण्याची सवय शहरात येऊनही तिच्या गळ्यातून गेली नाही. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर तिला रिकामे बसवेना, म्हणून तिने घरीच खानावळ काढली. ती वाढत वाढत वाळूजच्या एका लहानशा कारखान्यातील कामगारांच्या दुपारच्या जेवणापर्यंत पोचली. भाकरी, भात, एक कोरडी भाजी आणि येसराची आमटी असे ते जेवण. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्यांचे पीठ. ते कालवून उकळले की जी दाट, तांबूस आमटी होते, तिच्यासाठी बजाजनगरातून येणारे कामगार घरचा डबा बंद करून आमच्या रांगेत उभे राहत. ही त्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. मी आपला गाडीत बसून ऐकत असे.

गाडी मी चालवू लागलो तो दुष्काळामुळे. जेवण पोचवण्यासाठी घेतलेल्या त्या जुन्या पिकअपवर एक चालक होता, पण त्या वर्षी पाण्याच्या टँकरवर चालकांना एवढी मागणी आली की एके दिवशी तो आमचा निरोप घेऊन टँकरवर गेला. दुसरा मिळेना. पत्नी म्हणाली, “तुम्ही शिका. तुम्हाला घाई नसती, ते बरं असतं गाडीला.” मी शिकलो. शिकवणाऱ्याने मला सांगितले की एवढा वेळ आरशात पाहणारा विद्यार्थी त्याने आजवर पाहिलेला नव्हता.

आमचे घर शहराच्या कडेला, सातारा परिसर नावाच्या वसाहतीत. आम्ही तेथे राहायला गेलो तेव्हा मागच्या खिडकीतून ज्वारीचे रान दिसे. मग रानाचे प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती उठल्या, आणि माणसे आली; पाणी तेवढे यायचे राहिले. नळाची गाठ क्वचित पडे, आणि टँकरच्या वेळी गल्लीत जे होई ते लिहिण्याजोगे नाही. खानावळीला तर पाणी अधिकच लागे. पत्नीच्या चुलतभावाने गंगापूर रस्त्यावरच्या आपल्या बोअरमधून आम्हाला रोज एक टाकी पाणी देऊ केले. त्याची मोसंबीची बाग त्या उन्हाळ्यात वाळूनच गेली होती. झाडांना पुरत नाही तर निदान माणसांना तरी पुरू दे, असे तो म्हणे, आणि पाइप टाकीत सोडून पाठ फिरवून उभा राही.

तेव्हा पिकअपचा दिनक्रम असा ठरला. मागच्या उघड्या हौद्यात चालकाच्या खोलीला टेकून एक काळी प्लास्टिकची टाकी दोरखंडाने कायमची बांधलेली. पहाटे तिच्यातले पाणी स्वयंपाकात संपे; सकाळी रिकाम्या टाकीच्या मागे आमटीचे दोन मोठे टोप, भाताची पातेली आणि भाकऱ्यांच्या टोपल्या चढत; वाळूजला जेवण उतरले की पुढे गंगापूर रस्त्याला जाऊन टाकी भरायची आणि घरी यायचे. म्हणजे जेवण घेऊन गाडी निघे तेव्हा टाकी रिकामी असे, आणि गाडी दारात उभी असे तेव्हा टाकी भरलेली. ही साधी गोष्ट आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रोज होती.

शहर वाढत होते आणि रस्ता त्याच्याखाली सारखा उकरला जात होता. आज जलवाहिनी, उद्या रुंदीकरण. आणि मध्येच प्रत्येक नव्या वसाहतीने आपापल्या हौसेप्रमाणे घातलेले गतिरोधक. काही गतिरोधक तर असे की त्यांच्यावर चढून पलीकडचे गाव दिसावे. आमची पिकअप वयोमानाने पुढून खचली होती. गतिरोधक आला की तिचे पोट खाली घासे, आणि तो आवाज ऐकून माझ्या दाढा शिवशिवत. अखेर गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मेकॅनिकने एका रविवारी, कारखान्याला सुटी असताना, आमच्या दारातच गाडी पुढून उंच करून द्यायचे कबूल केले. दारातच यासाठी, की आमच्या घरासमोर नुकताच सिमेंटचा रस्ता झाला होता आणि या कामाला जमीन सपाट लागते. मेकॅनिकने रस्त्यावर एक लिंबू ठेवून पाहिले. ते जागचे हलले नाही.

त्या दिवशी मी प्रथमच गाडीच्या खाली डोकावलो. या पिकअपच्या पुढच्या चाकांना ट्रकसारखे, धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे पाटे नव्हते. त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना, गाडीच्या पोटाखालून, पोलादाची एकेक लांब सळई गेलेली होती. चाक वर उचलले गेले की ही सळई पिळली जाते, आणि पीळ सुटताना चाकाला पुन्हा खाली दाबते. सळईच्या मागच्या टोकाला एक आखूड दांडा आणि त्या दांड्याला तोलून धरणारा एक बोल्ट. बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते; सैल केला की खाली जाते. मला ती रचना फार आवडली. एवढ्या मोठ्या वाहनाचा ताठा एका बोल्टावर अवलंबून असावा, यात काहीतरी ओळखीचे वाटले.

मेकॅनिक मोकळ्या स्वभावाचा मनुष्य होता. तो मराठी बोलता बोलता हिंदीत जाई आणि परत येताना एखादा शब्द तिकडचाच घेऊन येई. त्याने जॅक लावून बोल्टावरचा भार काढला, गंजावर डिझेल सोडले, थोडे आवळले, गाडी खाली घेतली, पुढेमागे ढकलून तिला आपल्या जागी बसू दिले आणि मोजले. मोजण्याची पट्टी त्याला सापडेना, तेव्हा पत्नीच्या शिवणकामाची फीत मी आणून दिली. मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजायचे, म्हणजे टायरमध्ये हवा कमी-अधिक असली तरी फरक पडत नाही, हे त्याने समजावून सांगितले. दोन्ही बाजूंचे माप सारखे आले. नाक ऐटीत वर आले. पत्नीने घरातून येऊन गाडीकडे पाहिले आणि म्हणाली की पोळ्याच्या बैलासारखी दिसते. आम्ही तिघांनी चहा घेतला. टाकी भरलेली होती, आणि ती भरलेली आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. यात मला आजही नवल वाटत नाही. त्या वर्षी भरलेली टाकी दिसली की माणसाला समाधान वाटे. ते ओझेही आहे असे कोणाला सुचले असते?

सोमवारी गतिरोधकांवर पोट घासले नाही. पण टाकी रिकामी झाल्याबरोबर गाडीने नाक आणखी वर उचलले होते, आणि प्रत्येक खड्ड्यात पुढून असा काही दणका बसे की मागे टोपांची झाकणे टाळांसारखी वाजत. वाळूजला पोचून पाहिले तर टोपांवर बांधलेली फडकी तांबडी झाली होती आणि आमटी हौद्याच्या कडेने खाली ठिबकत होती. ती उतरवताना कारखान्याच्या फरशीवर सांडली. एका कामगाराचा पाय घसरला. सुदैवाने शेजारच्याने त्याला धरले.

आमटी थोडी कमी भरावी, असे मी पुढे बोअरकडे जाताना चाचरत सुचवले. पत्नीने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

“कमी भरायची म्हणजे शेवटच्या रांगंला काय वाढायचं? पाणी? तेही नाय आपल्याकडं.”

झाकण घट्ट बसणारे डबे घ्यावेत, हा माझा दुसरा उपाय. त्यावर तिने गरम आमटी कोंडली की तिची चव कशी जाते ते गंगापूर रस्ता येईपर्यंत सांगितले.

मंगळवारी सकाळी जेवण चढवण्यापूर्वी मला राहवेना. मी शिवणाची फीत घेऊन खाली वाकलो. रविवारी जे माप आले होते त्यापेक्षा गाडी दोन बोटे उंच भरली. मी पुन्हा मोजले, मग उठून रिकाम्या टाकीकडे पाहिले, आणि मला सगळे कळले. टाकी चालकाच्या खोलीला टेकलेली, म्हणजे तिचे बरेचसे ओझे पुढच्या चाकांवर. भरलेल्या टाकीने नाक खाली दाबलेले असताना आम्ही ते वर उचलले होते. टाकी रिकामी होताच ते इतके वर गेले की चाकाला खाली उतरायला जागाच उरली नाही. खड्डा आला की ते आतल्या रबरावर आपटत होते. सळई कडक झालेली नव्हती. ती होती तेवढीच लवचीक होती, फक्त आम्ही तिला भलत्या जागी उभे केले होते.

मी मेकॅनिकला फोन केला. तो मेव्हण्याच्या लग्नासाठी वैजापूरला गेला होता. मागे वाजंत्री ऐकू येत होती. माझे बोलणे ऐकून तो इतका हसला की वाजंत्रीही क्षणभर ऐकू येईना.

“सर, आपण गाडीची उंची लावलीच नाय. टाकीची लावली,” तो म्हणाला. “तुम्हीच करा आता. तुम्ही बोल्ट बघितलाय. पण पैले जॅक, मग पाना. और वापस आया तो मैं चाकं सरळ करून देतो, उंची बदलली की ती फाकतात.”

पण तोवर जेवण निघायची वेळ झाली होती, गाडी तशीच न्यावी लागली, आणि त्या मंगळवारीही आमटी सांडली. कारखान्यात जेवणाची व्यवस्था पाहणारा अधिकारी तरुण होता आणि आतापर्यंत आमच्याशी चांगला वागत आला होता. त्याने फरशीवर भुसा टाकून घेतला, पत्नीला बाजूला बोलावले आणि शांतपणे सांगितले, “काकू, चव तुमच्याच हाताला आहे. पण माणूस पडला तर मला जबाब द्यावा लागेल. उद्या पुन्हा असं झालं, तर परवापासून मी दुसरीकडून मागवतो.”

गाडीत बसल्यावर तिने पदराने हात पुसले आणि ते पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बांधापलीकडे हाक पोचवणारी ती, वाळूजपासून बोअरपर्यंत एक शब्द बोलली नाही. आमच्या संसारात बोलणे हे तिचे खाते होते. ते बंद पडल्यावर मला रस्ता फार लांब वाटला.

बोल्ट फिरवायचा तर टाकी रिकामी हवी. कारखान्याच्या फाटकाच्या आत रिकामी गाडी उभी राहू देत नसत, आणि बाहेर सगळे खोदलेले. बोअरजवळची जमीन उताराची. सपाट जागा एकच, आमच्या दारातली. सकाळी टाकी रिकामी होताच तेथून जेवण घेऊन निघावे लागे, आणि परत पोचेपर्यंत टाकी भरलेली असणार, कारण ती भरली नाही तर उद्याची आमटी कशात करायची? घरात पिंप होते तेवढे आधीच भरलेले. पाणी ओतून द्यावे, हा विचार मनात आला खरा, पण तो मी उच्चारला नाही. त्या उन्हाळ्यात असे बोलणाऱ्याला घरात घेतले नसते.

दारात गाडी उभी केल्यावर पत्नी म्हणाली, “गल्लीत ठेवू की. ज्याच्या घरी भांडं रिकामं हाय त्याच्याकडं एकेक हंडा. सकाळी परत घेऊ.”

ही कल्पना मला उत्तम वाटली, आणि ती अमलात आणण्यासाठी ती आता निघेल या अपेक्षेने मी तिच्याकडे पाहिले.

“माझ्याकडं काय बघता? माझं टँकरवरून अर्ध्या गल्लीशी भांडण झालंय. तुमचं हाय का कुणाशी?”

माझे कोणाशी भांडण नव्हते, हे खरे. भांडण होण्यासाठी आधी बोलणे व्हावे लागते.

पहिले दार मी एका निवृत्त एसटी कंडक्टरचे निवडले, कारण ते सर्वांत जवळचे होते आणि उघडेच होते. कंडक्टर बनियनवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. माझे वाक्य मी वाटेत तयार केले होते, पण ते फार लांब झाले होते आणि त्याचा शेवट मला आठवेना. तेव्हा मी एवढेच म्हणालो, “आमचे पाणी ठेवून घ्याल का?”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. “सर, नगरसेवकाला उभं राहताय काय?”

मी नाही म्हणालो. मग मी त्यांना सगळे सांगितले: टाकी, बोल्ट, आमटी, भुसा, उद्याचा दिवस. इतके मी वर्गाबाहेर एका दमात क्वचितच बोललो असेन. ते ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारले की ठेवलेल्या पाण्यातले थोडे वापरले तर चालेल का. मी म्हणालो की जरूर वापरावे. त्यावर त्यांनी जन्मभराच्या सवयीने बोट वर केले. “तसं नाय जमायचं. थोडं म्हणता म्हणता गाडी भरती. एका घरी एक भांडं, झाकून ठेवायचं, आणि सकाळी जसंच्या तसं. तुम्ही त्या बाजूची घरं घ्या, मी या बाजूची घेतो.”

मी त्या बाजूची घरे घेतली. एका घरात मला पाण्यात काही पडले आहे का असे विचारण्यात आले; एका घरात टाकी गळते का असे; आणि एका वृद्ध बाईंनी मी कोण हेच विचारले, जरी मी त्यांच्यासमोर इतकी वर्षे राहत होतो. सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “चपलंचा पट्टा सारखा तुटतो तेच ना तुम्ही?” मी हो म्हणालो.

थोड्याच वेळात आमच्या दारात हंडे, बादल्या आणि कळशा येऊन थांबल्या. कंडक्टर रांग लावत होते. पत्नी पाइप धरून उभी होती आणि कोणाकडे न पाहता भांड्यांकडे पाहत होती. ज्यांच्याशी तिचे सर्वांत मोठे भांडण झाले होते त्या कोपऱ्यावरच्या बाईही आल्या. त्यांनी हंडा पाइपखाली ठेवला. पाणी पडत राहिले. मग पत्नीने हंड्याच्या बुडाकडे पाहिले.

“हंडा गळतो तुमचा.”

“गळत नाय. पाझरतो.”

“मग दुसरा आणा.”

“आणते की. नाय कोण म्हणलं?”

त्या दुसरा हंडा घेऊन आल्या आणि पाइप दुसऱ्या टोकाने धरून तेथेच उभ्या राहिल्या. पुढचे सगळे हंडे दोघींनी मिळून भरले.

टाकी रिकामी झाली. आता गाडीवर उद्याचाच भार हवा होता, म्हणून पत्नीने आमटीचे दोन्ही टोप राहिलेल्या पाण्याने नेहमीच्या पातळीपर्यंत भरले आणि भाताच्या पातेल्यांच्या जागी धान्याच्या गोण्या ठेवून घेतल्या. उरली माणसे. डाव्या बाजूच्या आसनावर रोज ती बसते, तेव्हा मापाच्या वेळी तेथे तिने बसायला हवे, हे मला तिला सांगायचे होते. पण पत्नीच्या वजनाचा विषय चारचौघांत कसा काढावा हे मला कळेना. मी फीत गुंडाळत आणि उलगडत राहिलो. तिनेच दार उघडले आणि आत जाऊन बसली. “माझंही वजन गाडीतच धरायचं ना? मग तसं म्हणा की.”

चालकाच्या जागी माझ्या वजनाचा मनुष्य हवा होता, कारण मी तर खाली असणार. यावर गल्लीत चर्चा झाली. सरांच्या वजनाचा माणूस मिळणार नाही, शेवग्याच्या शेंगा बांधून ठेवाव्या लागतील, असे कोणीतरी म्हणाले. शेवटी कंडक्टर चढले. ते माझ्यापेक्षा बरेच जड होते, पण त्यांचे म्हणणे पडले की आयुष्यभर गाडीत मागे उभे राहिल्यावर एकदा तरी पुढे बसायला मिळावे. मी मनातल्या मनात त्यांचे थोडे वजन वजा केले.

मग मी जॅक लावला आणि रस्त्यावर पोते अंथरून, सगळ्या गल्लीदेखत, गाडीखाली उताणा झालो. यापूर्वी अशी कल्पना जरी केली असती तरी मला घाम फुटला असता. पण खाली गेल्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. तेथून मला माणसे दिसत नव्हती, केवळ पावले दिसत होती. आणि पावलांशी बोलणे मला मुळीच अवघड गेले नाही. जरा सरका, तो पाना द्या, नव्हे तो मोठा, असे मी भराभर बोलू लागलो. बोल्ट आधी हटून बसला. डिझेल सोडून थोडा वेळ थांबलो तेव्हा करकरत सैल झाला. एका बाजूला थोडे, दुसऱ्या बाजूला तेवढेच, पुन्हा थोडे. जॅक काढायचा, चार जणांनी गाडी पुढेमागे हलवायची, ती आपल्या जागी बसली की मोजायचे. पहिल्यांदा माप फार खाली गेले आणि पुन्हा आवळावे लागले. आत पत्नी आणि कंडक्टर बसल्या बसल्या टँकरच्या वेळापत्रकावरून वाद घालत होते, आणि वादाच्या भरात हलत होते, त्यामुळे फीत हलत होती.

“जरा स्थिर बसा,” मी खालून म्हणालो. फीत हलायची थांबली. मग पत्नी हळूच म्हणाली, “बघा, खालून वर्गातला आवाज येतोय.”

माप लागले. उजेड होता तोवर मी तशीच गाडी घेऊन निघालो. पत्नी शेजारी, आणि कंडक्टर आता आपल्या हक्काच्या जागी, मागे हौद्यात, टोपांवर लक्ष ठेवून. आमच्याच वसाहतीतले दोन सर्वांत दुष्ट गतिरोधक आम्ही ओलांडले. पहिल्यावर पोट घासते की काय असे वाटले, घासले नाही. गाडी आत जराशी बसली आणि तशीच हळुवार वर आली, जशी एखादी गाभण म्हैस उठते. मागून छपरावर दोनदा टकटक झाली. हौद्यात टोपांवरची फडकी कोरडी होती.

सकाळी अजून भाकरीची परात धुतलीही नव्हती, तोच पाणी परत येऊ लागले. बहुतेक भांडी नेली होती तशीच आली. वृद्ध बाईंनी आपल्या कळशीवर झाकण आणि झाकणावर वाटणाचा पाटा ठेवला होता, आणि पाटा उचलायला मला बोलावणे आले. कोपऱ्यावरच्या बाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दोन भांडी होती. एक त्यांना दिलेले, आणि एक लहान तांब्या, पाझरून गेलेल्याच्या भरपाईचा. पत्नीने तांब्या घेतला आणि त्यांना चुलीपाशी बसवून चहा दिला. आमटीला उकळी येईपर्यंत त्या बसल्या होत्या.

वाळूजपर्यंतचा रस्ता मी त्या दिवशी जसा चालवला तसा पुन्हा कधी चालवला नसेन. स्टेअरिंग किंचित एका बाजूला ओढत होते, मेकॅनिकने सांगितले होते त्याप्रमाणे, आणि मी ते दोन्ही हातांनी धरून होतो. पत्नी मान वळवून मागच्या काचेतून टोपांकडे पाहत होती. खोदकामाच्या जागी गाडी डावीकडे उतरली, उजवीकडे चढली. तिने एकदा माझ्या दंडावर हात ठेवला. मी वेग कमी केला. पण तिला वेगाविषयी काही म्हणायचे नव्हते, कारण हात तसाच राहिला.

कारखान्यात अधिकारी दारापाशीच उभा होता. भुशाचे पोते त्याने आधीच भिंतीला टेकवून ठेवले होते. दोघा कामगारांनी पहिला टोप उतरवला, मग दुसरा. पत्नीने फडक्याची गाठ सोडली. तांबूस तवंग टोपाच्या काठाखाली, तिने घरी भरला होता तेथेच, संथ पसरलेला होता. फडक्यावर वाफेचा ओलावा होता, दुसरे काही नव्हते. अधिकाऱ्याने वाकून हौद्याखालची जमीन पाहिली, मग चाकाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी सवयीने चपलेकडे पाहणार होतो, पण हातात गाडीची किल्ली होती आणि कामगार विचारत होते की रिकाम्या टोपल्या कुठे ठेवायच्या, म्हणून मला त्यांना सांगणे भाग पडले.

रांग लागली. भाकऱ्या मोडल्या जाऊ लागल्या. अधिकारी थोडा वेळ तेथेच रेंगाळला, मग त्याने स्वतःच एक ताट उचलले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा टोपात आमटी पुरेशी होती. पत्नीने वाढली. त्याने एक घास घेतला आणि विचारले,

“काकू, उद्या काय आहे?”

“उद्या चवळी,” ती म्हणाली, आणि पळी पुन्हा टोपात बुडवून तिने त्याच्या ताटात अजून थोडी ओतली.